१२३४५६७८९८७६५४३२१ : हातचा येण्याच्या एक पाऊल आधी

नऊ वेळा एक लिहून जी संख्या होते, म्हणजे १११११११११, तिला तिनंच गुणलं की उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. एकपासून नऊपर्यंत चढण, मग तितकाच उतार. व्हॉट्सॲपवर ही संख्या 'गणिताची जादू' म्हणून अधूनमधून फिरत असते. जादू वगैरे त्यात काही नाही, पण संख्या मात्र नीट उघडून बघावी अशी आहे. तिचे काही गुण तिचे स्वतःचे आहेत, ती कुठल्याही लिपीत, कुठल्याही पद्धतीनं लिहा, ते बदलणार नाहीत. आणि काही गुण केवळ आपण दहाच्या पटीत स्थानं मांडतो म्हणून दिसतात. या दोन्हींची सरमिसळ केली की 'अद्भुत संख्या' छापाचे लेख तयार होतात. इथे ते दोन ढीग वेगळे करायचे आहेत.

आधी ती वाचायची कशी ते पाहू. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. बोलताना '१२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१' असं दोनदा कोटी म्हणत जावं लागतं, आणि ऐकणारा मध्येच हरवतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) मात्र प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव आहे: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. एकूण अठरा स्थानं. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे परार्धाच्या एक घर अलीकडे थांबते. तिचं वाचन असं होतं: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग खाली उतरत आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. नऊचा अंक अर्बुदाच्या, म्हणजे दशकोटीच्या घरात बसलाय.

आता हा डोंगर तयार का होतो? छोटं उदाहरण मांडून बघा.

१११ × १११
= १११ + १११० + १११००
= १२३२१

तीच संख्या प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहायची आणि बेरीज करायची. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, मधल्या स्तंभात सगळ्यात जास्त, मग पुन्हा कमी होत जातात. नऊ एकांच्या गुणाकारात स्तंभांच्या बेरजा १, २, ३ करत ९ पर्यंत चढतात आणि परत १ पर्यंत उतरतात. सगळ्यात उंच स्तंभाची बेरीज ९. ती एका अंकात मावते, म्हणून हातचा कुठेच येत नाही, आणि स्तंभांच्या बेरजा जशाच्या तशा अंक म्हणून उतरतात. सगळी गोष्ट एवढीच आहे.

दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते. तिथे ० लिहून १ हातचा. डावीकडच्या स्तंभात ९ होते, त्यात हातचा मिळून पुन्हा १०, पुन्हा ० आणि हातचा १. त्याच्या पुढच्या स्तंभातले ८ हातच्यामुळे ९ होतात आणि तिथे ही साखळी थांबते. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा ८ गायब, मध्ये दोन शून्यं. म्हणून दशमान पद्धतीत या मालिकेचा शेवटचा धड डोंगर म्हणजे आपली सतरा अंकी संख्या.

हातचे किती आले हे गुणाकार न मांडताही कळतं. हातचा न येता दोन संख्यांचा गुणाकार झाला तर उत्तराच्या अंकांची बेरीज ही त्या दोघींच्या अंकांच्या बेरजांचा गुणाकार असते, आणि प्रत्येक हातचा त्यातून बरोबर ९ खातो, कारण एका स्तंभातले दहा काढून आपण शेजारी एक ठेवतो. नऊ एकांची बेरीज ९, वर्गाच्या अंकांची बेरीज ८१. तूट शून्य, हातचे शून्य. दहा एकांसाठी १०० यायला हवी होती, येते ८२. तूट १८, म्हणजे हातचे दोन.

आठ गायब होण्याचा हा प्रकार आणखी एका ठिकाणी भेटतो. १ ला ८१ नं भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… इथेही ८ नाही. कारण तेच. हा अपूर्णांक म्हणजे ०.०१ + ०.००२ + ०.०००३ अशी न संपणारी बेरीज. दहाव्या पदाला १० एका घरात मावत नाहीत, त्यांचा हातचा ९ वर जातो, ९ चे १० होतात, त्यांचा हातचा ८ वर जातो आणि ८ चे ९ होतात. 'आठ कुठे गेला' असं कोडं मुलांना घालतात तेव्हा एवढं सांगितलं तर ते कायमचं लक्षात राहील. नुसतं 'गंमत बघा' म्हणून काही राहत नाही.

त्यातली १२३४५६७९ ही संख्या पुढे वारंवार लागणार आहे. १२३४५६७९ × ९ = १११११११११, आणि १२३४५६७९ × ८१ = ९९९९९९९९९. म्हणजे आपली संख्या १२३४५६७९ × ९९९९९९९९९ अशीही लिहिता येते. नऊ नऊंनी गुणायचं म्हणजे पुढे नऊ शून्यं देऊन त्यातून तीच संख्या वजा करायची:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

वजाबाकी हातानं करून बघाच. डावा भाग एकनं कमी होऊन १२३४५६७८ उरतो, उजवीकडे १०० कोटीतून १२३४५६७९ वजा होऊन ९८७६५४३२१ येतात. डाव्या-उजव्या भागांची बेरीज ९९९९९९९९९ का येते, हेही याच वजाबाकीत दिसतं. मधला ९ बाजूला ठेवून १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज केली तर ९९९९९९९९, मधल्याच अंकाची आठ वेळा पुनरावृत्ती.

१, १२१, १२३२१, १२३४३२१… या मालिकेला 'वंडरफुल डेम्लो' संख्या म्हणतात. नाव परदेशी वाटतं, पण आहे आपल्या मध्य रेल्वेवरचं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (जन्म डहाणू, १९०५) हे नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळेत शिक्षक होते. त्यांना ही कल्पना त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर सुचली, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, म्हणून संख्यांना स्टेशनचं नाव. कापरेकर म्हटलं की लोकांना ६१७४, म्हणजे 'कापरेकर स्थिरांक', आठवतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. अंकांच्या बेरजांवरचं त्यांचं काम ६१७४ पेक्षा जास्त पसरलेलं आहे, आणि आपल्या संख्येवर त्यांच्या तीन-चार चाचण्या लावता येतात. पण त्या दुसऱ्या ढिगातल्या. आधी पहिला ढीग.

संख्येचा खरा स्वभाव तिच्या मूळ अवयवांत असतो. वर्गसंख्या असल्यामुळे १११११११११ चे अवयव पाडले की काम झालं. नऊ एकांचे तीन-तीनचे तीन गट करा: १११ × १००१००१. पहिला सोपा, १११ = ३ × ३७. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ नं भाग जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७. आता ३३३६६७ मूळ आहे का?

इथे बहुतेक जण २ पासून सुरुवात करून प्रत्येक मूळ संख्येनं भागत सुटतात. वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे आहे आणि ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार करायची गरज नाही. समजा, एखादी मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती नऊ नऊंच्या संख्येलाही, ९९९९९९९९९ ला, भागणार. याचा अर्थ १ ला तिनं भागलं तर दशांशातला आवर्ती गट ९ अंकांचा, किंवा ९ ला भागणाऱ्या लांबीचा असणार: १, ३ किंवा ९. एक अंकी गट देणारी अशी मूळ संख्या फक्त ३, आणि ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ बाद. तीन अंकी गट देणारी फक्त ३७, आणि ३७ नं भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून तीही बाद. राहिला नऊ अंकी गट. फर्माच्या लहान प्रमेयानुसार तेव्हा त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर ९ नं भाग गेलाच पाहिजे, आणि ती विषम असल्यामुळे १८ नंही. म्हणजे उमेदवार फक्त १८ च्या पटीपेक्षा एकनं जास्त असलेले: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सोळा भागाकार, वहीच्या एका पानात होतात. १९ नं भागलं तर बाकी ८, १६३ नं भागलं तर ६, ५२३ ला फक्त ७ कमी पडतात, शेवटच्या ५७७ ला बाकी १६१. एकही निःशेष नाही. म्हणून ३३३६६७ मूळ.

यात एक ठेच हमखास लागते. १८ च्या पटीपेक्षा एकनं जास्त असलेल्या यादीत ५५, ९१, २१७, २५३, २८९ असेही येतात. ते मूळ नाहीत, त्यांनी भागण्यात वेळ घालवू नका. ९१ (७ × १३) आणि २१७ (७ × ३१) दिसायला मूळ वाटतात म्हणून लोक फसतात.

तर अवयव असे: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. जाता जाता, ३७ × ३३३६६७ = १२३४५६७९, म्हणजे ती आठ हरवलेली संख्या याच दोन मूळ संख्यांची बनलेली आहे. आणि ३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९ हा स्वतःच बघण्यासारखा आहे.

अवयव हातात आले की वर्गीकरण भराभर होतं. विभाजकांची संख्या (४+१) × (२+१) × (२+१) = ४५. विषम आली, वर्गसंख्येची नेहमी विषमच येते. विभाजकांची बेरीज काढायला प्रत्येक मूळ संख्येची वेगळी बेरीज करून गुणायचं: ३ साठी १+३+९+२७+८१ = १२१; ३७ साठी १+३७+१३६९ = १४०७; ३३३६६७ साठी १+३३३६६७+१११३३३६६६८८९ = १११३३४०००५५७. तिघांचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९.

एवढा मोठा गुणाकार बरोबर आला की नाही, हे तपासायची एक सोय इथे आहे. १२१ ला ११ नं भाग जातो, १४०७ ला ७ नं, आणि तिसऱ्या संख्येला १३ नं. म्हणून उत्तराला ७ × ११ × १३, म्हणजे १००१ नं भाग गेलाच पाहिजे. १००१ ची कसोटी सोपी: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीनं वजा-अधिक करा. ५७९ − ८२७ + ५९२ − २७९ + ९५४ − १८ = १००१. उत्तर थेट १००१. नऊशेषाची पारंपरिक कसोटी (अंकांच्या बेरजेला ९ नं भागून उरणारी बाकी ताडून बघणं) इथे कमी उपयोगाची, कारण ती दोन अंकांची अदलाबदल पकडत नाही, आणि लांब संख्या उतरवताना नेमकी तीच चूक होते.

या बेरजेतून आपली संख्याच वजा केली की उरतात ६६०८६००६०५१७३२५८. हे संख्येच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त, पण संख्येपेक्षा बरंच कमी. म्हणून ती न्यून संख्या. परिपूर्ण नाही (६, २८ सारखी, जिथे ही बेरीज संख्येइतकीच येते), विपुलही नाही (जिथे ती जास्त येते). विषम संख्यांना विपुल व्हायला ३, ५, ७ असे लहान अवयव बरेच लागतात, पहिली विषम विपुल संख्या ९४५ तशीच आहे. इथे ३ सोडला तर लहान अवयवच नाही.

त्रिकोणी संख्या आहे का, म्हणजे १ पासून सलग बेरीज करून मिळते का? वर्गही आणि त्रिकोणीही अशा संख्यांची वर्गमूळं १, ६, ३५, २०४, ११८९… अशी जातात. पुढची संख्या काढायची तर शेवटचीला ६ नं गुणून त्यातून आधीची वजा करायची. असं करत गेलं की ४६६१११७९ नंतर एकदम २७१६६९८६० येते. १११११११११ या दोघींच्या मध्ये पडते. तेव्हा नाही.

याच्या पुढचं मात्र मला या संख्येतलं सगळ्यात देखणं वाटतं, आणि ते फिरणाऱ्या मेसेजांत कधीच नसतं. ही संख्या दोन वर्गांची बेरीज होते का? ४ नं भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्या अशा बेरजेत दोन्ही बाजूंना सारख्याच शिरतात. ३ आणि ३३३६६७ दोघीही त्या जातीच्या. म्हणून ३ × ३ × ३३३६६७ = ३००३००३ हा दोन्ही बाजूंचा सामाईक अवयव ठरतो, आणि खेळायला फक्त ३७ चा वर्ग उरतो. ३७ चा वर्ग १३६९ = १२२५ + १४४, म्हणजे ३५ आणि १२ यांच्या वर्गांची बेरीज. दुसरा मार्ग नाही. ३००३००३ नं गुणून टाका: १२ चे होतात ३६०३६०३६, ३५ चे १०५१०५१०५, ३७ चे १११११११११. म्हणजे (३६०३६०३६, १०५१०५१०५, १११११११११) हे पायथागोरसचं त्रिकूट आहे, आणि नऊ एकांचा कर्ण असलेला पूर्णांक बाजूंचा काटकोन त्रिकोण हा एकमेव. बारा-पस्तीस-सदतीसचा शाळेतला त्रिकोण तीस लाखपट फुगवलेला.

आता दुसरा ढीग, लेखनाचा. संख्या डावी-उजवीकडून सारखीच वाचता येते, म्हणजे पॅलिंड्रोम. हा गुण किती वरवरचा आहे हे बघायचं तर तीच संख्या अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठच्या पटीत स्थानं मांडून, लिहा: ५३६७०५२१४२४४३७२२६१. डोंगर गेला. उलट अष्टमानात डोंगर हवा असेल तर सात एक घ्यावे लागतील, कारण तिथे मोठ्यात मोठा अंक ७ आहे. अष्टमानातले सात एक म्हणजे आपले २९९५९३, त्याचा वर्ग ८९७५५९६५६४९. दशमानात अगदीच नीरस. तोच अष्टमानात लिहिला की १२३४५६७६५४३२१. प्रत्येक पद्धतीचा आपापला शेवटचा डोंगर असतो, तिच्या मोठ्यात मोठ्या अंकाइतक्या एकांचा.

हर्षद संख्या हे नावही कापरेकरांचंच, हर्ष देणारी या अर्थी. अंकांच्या बेरजेनं संख्येला निःशेष भाग गेला की ती हर्षद. इथे बेरीज ८१ आणि १२३४५६७८९८७६५४३२१ भागिले ८१ = १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. पास. डेम्लोच्या पहिल्या नऊ संख्यांपैकी किती हर्षद, हे सुटं-सुटं तपासायला नको. एकांची संख्या जितकी, तितक्यानं त्या एकांच्या संख्येलाच भाग जायला हवा. २, ४, ५, ६, ८ बाद, कारण शेवटी १ आहे. ७ ही बाद, सहा एकांना, म्हणजे ११११११ ला, ७ नं भाग जातो, पण सात एक घेतले की बाकी १ उरते. राहतात १, ३ आणि ९. म्हणून १, १२३२१ आणि आपली संख्या, तीनच. दहा एकांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज ८२, सम; संख्या विषम. हातच्यानं डोंगरही मोडला आणि हर्षही.

अष्टमानातल्या अंकांची बेरीज ६४ येते आणि विषम संख्येला ६४ नं भाग जाणं शक्य नाही. म्हणजे हर्षदपणा दशमानापुरता.

स्वयंभू संख्या हा कापरेकरांचा आणखी एक वर्ग, यांना देवळाली संख्याही म्हणतात. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या तयार होते; जुनी ही नवीची जनक. जिला जनकच नाही ती स्वयंभू: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२… आपली संख्या स्वयंभू आहे का, हे सतरा अंकांवरही हातानं तपासता येतं. सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३, म्हणून जनक असलाच तर तो फार तर १५३ नं लहान. म्हणजे पहिले चौदा अंक, १२३४५६७८९८७६५४, तेच राहणार आणि फक्त शेवटचे तीन बदलणार. त्या चौदांची बेरीज ७५. शिवाय संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ नं भागून बाकी सारखीच उरते, म्हणून इथे जनकाच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीतच हवी. ७५ च्या पुढे तीन अंकांत मावणाऱ्या अशा बेरजा तीनच: ८१, ९०, ९९. ३२१ मधून ८१ गेले की २४०, अंकांची बेरीज ६, आणि ७५ + ६ = ८१. जुळलं. ९० वजा केले तर २३१, ९९ वजा केले तर २२२; दोन्हींचीही बेरीज ६ च, म्हणून न जुळणारे. तेव्हा जनक एकच, १२३४५६७८९८७६५४२४०, आणि संख्या स्वयंभू नाही.

'कापरेकर संख्या' या चाचणीत वर्ग दोन भागांत तोडून बेरीज करायची, ती वर्ग केलेल्या संख्येइतकीच यायला हवी, जसं ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. नऊ एकांच्या वर्गाचे भाग १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९. हवी होती १११११११११, आली नऊपट. नापास. पण ती नऊपट स्वतः पास होते: ९९९९९९९९९ चा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, भागांची बेरीज पुन्हा नऊ नऊ. इंग्रजीत ज्यांना 'हॅपी नंबर' म्हणतात, म्हणजे अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेल्यावर १ वर पोचणाऱ्या, त्यांतही ही बसत नाही: ४८९, १६१, ३८, ७३, ५८ आणि ५८ पासून न संपणारं चक्र. हर्ष देते, स्वतः आनंदी नाही.

शेवटी संगणकाचं. हे सगळं यंत्रावर तपासायला जाल तर नेमकी ही संख्या दगा देते, कारण द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिताना, तिला ५४ अंक लागतात. जावास्क्रिप्टचा साधा आकडा किंवा कुठल्याही भाषेतला डबल प्रकार ५३ द्विमान अंक अचूक ठेवतो, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. त्याच्या पुढे विषम पूर्णांक मावतच नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये १११११११११ चा वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२० येतो. उपाय: दोन्ही संख्यांच्या शेवटी एन (n) लावून बिगइंट, म्हणजे मोठे पूर्णांक अचूक ठेवणारा प्रकार, वापरा. एक्सेल पंधराच अंक धरतं. संख्या टाइप केली की १२३४५६७८९८७६५४३०० होते, कसलीही सूचना न देता. जावामध्ये इंट प्रकारच्या (३२ द्विमान अंकांच्या) दोन संख्यांचा गुणाकार १६५३७३२५२९ असा निघतो, कारण वरचे अंक कापले जातात. उत्तर लाँगमध्ये (६४ द्विमान अंकांच्या प्रकारात) साठवलं तरी हेच होतं, गुणाकार आधीच इंटमध्ये झालेला असतो. गुणण्यापूर्वी एका संख्येला एल (L) लावावं लागतं.

पायथनमध्ये पूर्णांक अचूक असतात, म्हणून लोक तिथे निर्धास्त असतात आणि वर्गमूळाला फसतात. वर्गमूळाचं साधं एसक्यूआरटी (sqrt) वापरलं तर १११११११११.० येतं, छान. पण एकनं लहान असलेल्या १२३४५६७८९८७६५४३२० चं वर्गमूळही तेच १११११११११.० येतं, कारण खऱ्या उत्तरातला फरक अब्जांश पाच इतकाही नाही आणि तिथल्या दोन शेजारी डबल संख्यांमधलं अंतर त्याच्या तिप्पट आहे. वर्ग आहे का हे तपासायला पायथन ३.८ पासून आलेलं, पूर्णांकातच वर्गमूळ काढणारं आयएसक्यूआरटी (isqrt) घ्या, आणि मिळालेल्या मूळाचा पुन्हा वर्ग करून ताडून बघा.

चुकीचा आकडा चाचणीत पकडला जाईल, या भरवशावरही राहू नका. जावास्क्रिप्टनं दिलेल्या १२३४५६७८९८७६५४३२० च्या अंकांची बेरीज ८०, आणि ८० नं भागलं तर १५४३२०९८७३४५६७९, बाकी शून्य. तोही हर्षद निघतो.